डंपर रांगेत का उभा राहतो?
खाणकामात गुणवत्ता सुधारणेच्या पद्धती प्रत्यक्ष कशा वापराव्यात

घुग्गुस, वणी, राजुरा, उमरेड या पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणींत पाळी आठ तासांची असते. या आठ तासांपैकी एखादा डंपर प्रत्यक्ष माल घेऊन किती वेळ धावला, असं विचारलं तर नोंदवहीतून उत्तर काढणं अवघड जातं. वहीत ट्रिप असतात, टन असतात, डिझेलचे लिटर असतात. टाइम ऑफिसातली हजेरी, फेसपर्यंतचा बसचा प्रवास, यंत्राची तपासणी, शॉवेलसमोरची रांग, ब्लास्टिंगसाठी यंत्रं दूर नेण्यात गेलेला वेळ, डिझेल भरण्याची वाट, चिखलात रुतलेला पुढचा डंपर, हे मात्र बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. महिनाअखेरीस टन कमी पडले की चौकशी होते ती चालकाची, ओव्हरमनची नाहीतर कंत्राटदाराची.

कार्यक्षमता वाढवायची म्हटलं की पहिली मागणी येते नव्या यंत्राची. मोठा शॉवेल द्या, आणखी चार डंपर द्या. यंत्रं लागतातच, पण आहे त्या ताफ्यातला वाया जाणारा वेळ आणि रोजचा चढउतार आधी कमी केला नाही, तर नवं यंत्रही त्याच रांगेत जाऊन उभं राहतं. हा चढउतार मोजण्याची, त्याची कारणं शोधण्याची आणि केलेली सुधारणा टिकवण्याची शिस्त कारखानदारीनं गेल्या शंभर वर्षांत घडवली आहे. ती खाणीत कशी आणावी, याचा हा आराखडा खाण अधिकारी, ओव्हरमन, फोरमन, कंत्राटदारांचे पर्यवेक्षक आणि खाण अभियांत्रिकीचे विद्यार्थी या सर्वांसाठी आहे.

शिस्त कारखान्यातली, जमीन खाणीतली

१९२४ साली अमेरिकेत टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेखाचा पहिला नमुना मांडला. उत्पादनात रोज थोडा फरक पडणारच. त्यातला नेहमीचा फरक कोणता आणि काहीतरी बिघडल्याची खूण कोणती, हे ओळखण्याची ती रीत होती. १९५० मध्ये डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी हा विचार जपानच्या अभियंत्यांपर्यंत आणि उद्योगप्रमुखांपर्यंत नेला. टोयोटात ताइची ओनो यांनी वाया जाणारा वेळ, वाया जाणारी हालचाल आणि साचलेला माल यांच्यावर बोट ठेवलं. १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकारानं कामगारांची गुणवत्ता मंडळं, म्हणजेच क्वालिटी सर्कल, उभी राहिली. १९८६ मध्ये मोटोरोलात सिक्स सिग्मा आकाराला आलं. नावं निरनिराळी असली तरी कामाचा क्रम सारखाच आहे: मोजावं, कारण शोधावं, लहान बदल करून पाहावा, पुन्हा मोजावं, आणि उपयोग झाला तर तीच रोजची रीत करावी.

खाण म्हणजे कारखाना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. वर्धा खोऱ्यात वर काळी कापसाची माती, तिच्याखाली अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आणि त्याखाली बराकर थरातला कोळसा. त्या कोळशातही मध्ये मध्ये शेलचे पट्टे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तीच काळी माती फुगते, रस्ते निसरडे होतात आणि खाणीच्या तळाशी पाणी साचतं. अशा ठिकाणी कारखान्यातला तक्ता जसाच्या तसा लावून चालत नाही.

म्हणून पहिलं काम वाटणीचं. कागदाच्या एका बाजूला जमिनीनं आणि हवामानानं दिलेले चढउतार लिहावेत: थराची जाडी, खडकाचा टणकपणा, पाऊस. दुसऱ्या बाजूला माणसांनी आणि व्यवस्थेनं तयार केलेले चढउतार लिहावेत: ड्रिलिंगच्या होलमधलं कमीजास्त अंतर, पाळीबदलातली ढिलाई, न घोटलेला रस्ता, उशिरा आलेला सुटा भाग. पहिल्या बाजूसाठी नियोजन करायचं असतं. सुधारणेची खरी जागा दुसऱ्या बाजूला असते आणि कागद भरताना ती बाजू बहुतेक वेळा लांब निघते.

माल कुठे तुंबतो ते आधी शोधावं

ड्रिलिंग, ब्लास्टिंग, शॉवेल, डंपर, कोळसा हाताळणी संयंत्रातला क्रशर आणि शेवटी रेल्वे सायडिंग अशी ही साखळी आहे. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ च्या ‘द गोल’ या पुस्तकात मांडलेलं सूत्र इथे थेट लागू पडतं. संपूर्ण व्यवस्थेचा वेग तिच्यातल्या सर्वांत अरुंद जागेवर ठरतो, आणि इतर ठिकाणी केलेल्या सुधारणेनं तिथे नुसता ढीग वाढतो.

खाणीत ही अरुंद जागा ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात ती बहुधा रस्ता किंवा पंप असते. हिवाळ्यात शॉवेल असू शकतो. मार्चमध्ये वर्षाचं उद्दिष्ट गाठण्याची घाई सुरू झाली की सायडिंगवर कोळसा साचतो आणि रेकची वाट पाहावी लागते. भूमिगत खाणीत शाफ्टमधून माल वर काढण्याची क्षमता आधी तपासावी लागते. दर तिमाहीला संपूर्ण साखळीतून एकदा पायी फिरावं. माल कुठे साचला आहे आणि पुढचं यंत्र कुठे रिकामं उभं आहे, एवढंच लिहावं. या दोन नोंदींच्या मध्ये अरुंद जागा सापडते.

शॉवेल आणि डंपर यांचं गणित तर कागदावरच करता येतं. समजा, डंपर जागेवर लागण्यापासून भरून निघेपर्यंत ४ मिनिटं लागतात. माल नेणं, टाकणं आणि परत येणं यांत १६ मिनिटं जातात. एका फेरीची २० मिनिटं झाली. त्यांना ४ नं भागलं की ५ येतात. या शॉवेलला पाच डंपर पुरतात आणि तासाला १५ डंपर भरले जातात. उत्पादन वाढावं म्हणून इथे सात डंपर लावले, तरी शॉवेल तासाला १५ च भरणार. प्रत्येक डंपरची फेरी २८ मिनिटांची होईल आणि त्यातली ८ मिनिटं इंजिन चालू ठेवून रांगेत जातील. वाढलेला आकडा फक्त डिझेलचा असेल.

आता त्या ४ मिनिटांकडे बघू. डंपर शॉवेलला लागताना दोनदा मागेपुढे करत असेल, फेसवर बोल्डर पडलेले असतील, बकेटला मोठा फेरा घ्यावा लागत असेल. डोझरनं जागा साफ ठेवली, शॉवेलनं बकेट उंचावून डंपरला नेमकी जागा दाखवली आणि बकेटचा फेरा ९० अंशांच्या आसपास आणला, तर अर्धं मिनिट वाचू शकतं. भरण्याची वेळ साडेतीन मिनिटांवर आली की तासाला १५ ऐवजी १७ डंपर निघतात. ६० टनी डंपर असेल तर ९०० टनांचे १,०२० टन होतात. हा वाढीव वेग पेलायला सहावा डंपर लागेल, आणि त्या डंपरची मागणी मग आकड्यांनिशी करता येईल.

रोजच्या आकड्याला रोज बोलू नये

पाळी सुरू झाल्यापासून पहिली बकेट भरेपर्यंत किती मिनिटं गेली, हे मोजायला घड्याळ आणि वही पुरते. समजा दहा दिवसांच्या नोंदी अशा आल्या: ४२, ३८, ४५, ४०, ३६, ४४, ३९, ४१, ३७, ४३. अनेक खाणींत ४५ च्या दिवशी ओव्हरमनला बोल बसतील आणि दुसऱ्या दिवशी ४० आले की बोलण्याचा परिणाम झाला असं साहेबांना वाटेल. आकडे काही वेगळंच सांगतात.

या दहा नोंदींची सरासरी ४०.५ येते. आता लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढावा: ४, ७, ५, ४, ८, ५, २, ४, ६. त्यांची सरासरी ५. तिला २.६६ नं गुणलं की १३.३ येतात. सरासरीत ते मिळवले आणि वजा केले की वरची मर्यादा ५३.८ आणि खालची २७.२ ठरते. या दोन रेषांमध्ये पडणारा प्रत्येक दिवस या व्यवस्थेचा नेहमीचा दिवस आहे. म्हणजे उद्या ५० मिनिटं लागली तरी त्यात कुणाचा खास दोष शोधण्यात अर्थ नाही. ६१ मिनिटं लागली तर मात्र त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, विचारपूस करावी: बस बंद पडली होती का, वीज गेली होती का, रात्रीच्या पाळीनं शॉवेल कुठे सोडला होता? एखादी नोंद २७ च्या खाली आली तरीही विचारावं. त्या दिवशी काय चांगलं घडलं ते कळतं. लागोपाठ आठ नोंदी सरासरीच्या एकाच बाजूला पडल्या, तर मर्यादा ओलांडलेली नसली तरी व्यवस्थेत काहीतरी बदललं आहे असं समजावं. दहा नोंदींवरच्या रेषा कच्च्या असतात. वीस-पंचवीस नोंदी जमल्या की त्या पुन्हा काढाव्यात.

नोंदी आणि या रेषा कागदावर मांडल्या की शूहार्ट यांचा नियंत्रण आलेख तयार होतो. या आलेखाचं खरं मोल वेगळं आहे. रोजची चाळीस मिनिटं ही सरासरी ओव्हरमनच्या हातात नाही. ती हजेरीच्या जागेत आहे, बसच्या वेळेत आहे, यंत्र कुठे उभं करायचं या नियमात आहे. ती बदलणं व्यवस्थापनाचं काम आहे, आणि आलेख ही जबाबदारी ज्याची त्याच्याकडे सोपवतो.

चाळीस मिनिटांची पंचवीस कशी करायची, यासाठी शिगेओ शिंगो यांची एक पद्धत कामी येते. त्यांनी ती कारखान्यात प्रेसवरचे साचे बदलण्याचा वेळ कमी करण्यासाठी विकसित केली. यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामं आणि यंत्र चालू असताना आधी करून ठेवता येणारी कामं वेगळी काढायची, आणि जमतील तेवढी दुसऱ्या गटात ढकलायची. खाणीत याचा अर्थ असा की डिझेल पाळीच्या मध्यावर, रांग नसताना भरावं. आधीच्या पाळीच्या चालकानं यंत्रातल्या तक्रारी उतरण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात. कामाची वाटणी बसमध्ये बसण्याआधी फलकावर लागलेली असावी. जिथे सुरक्षित जागा आहे तिथे चालकांची अदलाबदल यंत्राजवळच व्हावी. या रीतीला खाणीत ‘हॉट सीट चेंज’ म्हणतात. ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, दिवे आणि मागे घेतानाचा अलार्म यांची तपासणी मात्र वेळ वाचवण्यासाठी कधीही गाळू नये.

‘इतर’ नावाचा रकाना

ब्रेकडाऊन रजिस्टर हे खाणीतलं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी वाचलं जाणारं पुस्तक आहे. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन प्रत्येक कारणापुढे वाया गेलेले तास लिहावेत आणि मोठ्याकडून लहानाकडे उतरती यादी करावी. जोसेफ जुरान यांनी पॅरेटोचं नाव देऊन रूढ केलेलं तत्त्व बहुतेकदा दिसून येतं: मोजक्या दोन-तीन कारणांत बहुतांश तास गेलेले असतात. पुष्कळदा यादीत सर्वांत वर ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ असतं. तसं असेल तर सुधारणेला तिथेच सुरुवात करावी. तो रकाना फोडून सात-आठ ठळक कारणं ठरवावीत आणि ती सगळ्या पाळ्यांत सारख्याच शब्दांत लिहिली जातील असं पाहावं. एकानं ‘होज फुटला’, दुसऱ्यानं ‘हायड्रॉलिक’ आणि तिसऱ्यानं ‘ऑइल गळती’ लिहिलं, तर तोच बिघाड तीन ठिकाणी विखुरतो.

मोठं कारण सापडलं की टोयोटातला ‘पाच वेळा का’ हा प्रश्न लावावा. डंपरचे टायर अपेक्षेपेक्षा लवकर कापले जातात, हे उदाहरण घेऊ.

टायर का कापले? रस्त्यावर धारदार दगड पडलेले असतात. दगड का पडतात? भरलेल्या डंपरमधून सांडतात. का सांडतात? शेवटच्या बकेटमध्ये मोठे बोल्डर येतात आणि ते बॉडीच्या कडेवर बसतात. बोल्डर का येतात? ब्लास्टिंगमध्ये खडक नीट फुटत नाही. का फुटत नाही? पावसाळ्यात होलमध्ये पाणी असतं आणि पाण्यात टिकाव न धरणारं अमोनियम नायट्रेट-डिझेलचं मिश्रण तिथे वापरलं जातं, किंवा होलमधलं अंतर आराखड्यापेक्षा जास्त पडलेलं असतं.

टायरचा खर्च देखभाल विभागाच्या नावावर चढत होता आणि उपाय ड्रिलिंग-ब्लास्टिंगच्या हातात निघाला. पाणी असलेल्या होलसाठी स्लरी किंवा इमल्शन स्फोटक, होलची खोली आणि अंतर भरण्यापूर्वी फितीनं तपासणं आणि स्टेमिंगची उंची राखणं हे उपाय देखभालीच्या बैठकीत कधी सुचलेच नसते. म्हणून अशा चर्चेला निरनिराळ्या विभागांची माणसं एकत्र बसवावीत. आणि ‘का’चं उत्तर माणसाच्या नावावर येऊन थांबलं, तर आणखी एकदा विचारावं. ‘चालकानं दुर्लक्ष केलं’ या उत्तरानंतरही त्यानं का केलं हा प्रश्न उरतोच.

ब्लास्टिंगमधल्या सुधारणेचा लाभ किती दूर जातो, हे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथल्या ज्यूलियस क्रुटश्निट खनिज संशोधन केंद्रानं दाखवून दिलं. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी ‘खाणीपासून गिरणीपर्यंत’ असा विचार मांडला. स्फोटकांवर थोडा जास्त खर्च करून खडक बारीक फोडला, तर पुढे दळण्याच्या गिरणीत तासाला जास्त खनिज जातं, कारण खडक फोडण्याचं जे काम स्फोटक स्वस्तात करतं तेच काम गिरणी विजेवर महागात करते. हिशेब विभागवार ठेवला तर ब्लास्टिंगचा खर्च वाढलेला दिसतो. संपूर्ण साखळीचा ठेवला तर टनामागचा खर्च उतरलेला दिसतो.

रस्ता हेही यंत्रच

शॉवेल आणि डंपर यांची देखभाल होते. त्यांच्यामधला रस्ता मात्र ग्रेडर मोकळा असेल तेव्हा दुरुस्त होतो. भारतातल्या खुल्या खाणींत मालवाहतुकीच्या रस्त्याचा चढ सामान्यपणे सोळास एकपेक्षा तीव्र नसावा असा दंडक आहे. सोळास एक म्हणजे ६.२५ टक्के. चाकाला रस्त्याचा जो अडसर होतो, तोही चढासारखाच टक्क्यांत मोजता येतो. घट्ट घोटलेल्या, कोरड्या रस्त्यावर तो २ टक्क्यांच्या आसपास असतो. चाकोऱ्या पडलेल्या मऊ रस्त्यावर ५ टक्के किंवा त्याहूनही जास्त होतो.

चांगल्या रस्त्यावर भरलेल्या डंपरला एकूण ८.२५ टक्क्यांचा विरोध सोसावा लागतो, खराब रस्त्यावर ११.२५ टक्क्यांचा. म्हणजे तोच चढ, तोच माल, पण जोर एक-तृतीयांशाहून जास्त. चढावरचा वेग त्याच प्रमाणात पडतो, डिझेल वाढतं, टायर आणि सस्पेन्शन झिजतात. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या रॉजर थॉम्पसन आणि अॅलेक्स व्हिसर यांनी खाणीतल्या रस्त्यांचा अभ्यास करून त्यांच्या बांधणीची आणि देखभालीची स्वतंत्र शास्त्रशुद्ध पद्धत घालून दिली. तिचा गाभा असा की रस्त्याची देखभाल ठरलेल्या मापांवर आणि ठरलेल्या वेळी व्हावी.

विदर्भातल्या खाणीसाठी हे असं करता येईल. रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक द्यावेत. आठवड्यातून एकदा प्रत्येक तुकड्याला चाकोऱ्या, खड्डे, सांडलेला माल, बाजूचा नाला आणि धूळ या पाच बाबतींत एक ते पाच गुण द्यावेत. ज्या तुकड्याला सर्वांत वाईट गुण, तिथे ग्रेडर आधी. मेअखेरीस नाल्यांचे गुण वेगळे काढावेत, कारण जुलैतला रस्ता मे महिन्यातल्या नाल्यावर अवलंबून असतो.

टन मोजले, प्रत मोजली का?

कार्यक्षमता म्हणजे नुसते टन नव्हेत. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राला हवी असते कोळशातली उष्णता, आणि दगड जाळून ती मिळत नाही. जानेवारी २०१२ पासून भारतात बिगर-कोकिंग कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर होते. जी-१ पासून जी-१७ पर्यंत सतरा प्रती आहेत आणि बहुतेक प्रतींमध्ये किलोमागे ३०० किलोकॅलरींचा टप्पा आहे. जी-१० म्हणजे ४,३०० च्या वर ते ४,६०० पर्यंत. एखाद्या खाणीची सरासरी ४,३५० असेल आणि रोजचा चढउतार दोनशेचा असेल, तर सरासरी जी-१० ची असूनही अनेक रेक जी-११ मध्ये घसरतील. इथे सरासरी वाढवण्याइतकंच चढउतार आवळणं फायद्याचं असतं.

तो आवळण्याची जागा फेसवर आहे. कोळसा काढण्याआधी वरची माती आणि खडक डोझरनं पूर्ण साफ करावा, शेलचा पट्टा वेगळा काढावा, तळाशी बकेट खडकात घालू नये आणि निरनिराळ्या फेसचा कोळसा ठरलेल्या प्रमाणात मिसळावा. फेसनिहाय राखेच्या नोंदी पहिल्या बकेटच्या वेळेसारख्याच नियंत्रण आलेखावर मांडल्या, तर कोणत्या फेसमुळे प्रत घसरते ते दोन आठवड्यांत कळू शकतं.

हे सगळं नमुन्यावर उभं आहे. आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलेले फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जी यांचा नियम असा की ढिगातल्या प्रत्येक कणाला नमुन्यात येण्याची सारखीच संधी मिळाली पाहिजे. ढीग लावताना मोठे तुकडे घरंगळून पायथ्याशी जातात आणि बारीक चुरा मधोमध राहतो. त्यामुळे हात पोचेल तिथून उचललेला कोळसा हा नमुना ठरत नाही. चालत्या पट्ट्यावरून, ठरावीक वेळानं, पट्ट्याची पूर्ण रुंदी छेदून घेतलेला नमुना सर्वांत भरवशाचा. तो टप्प्याटप्प्यानं भरडून आणि विभागून प्रयोगशाळेत २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जातो. तिथे एका ग्रॅमच्या आसपासची पूड जळते आणि सुमारे चार हजार टनांच्या रेकचं मोल ठरतं. म्हणून नमुना घेणाऱ्या माणसाला प्रशिक्षण, योग्य साधनं आणि पुरेसा वेळ देणं हा खाणीच्या कमाईचा भाग आहे.

ओलाव्याच्या मोजणीत तर जिवाचा प्रश्न येतो. २००९ च्या पावसाळ्यात ‘एशियन फॉरेस्ट’ आणि ‘ब्लॅक रोझ’ ही जहाजं भारताच्या किनाऱ्याजवळ बुडाली. दोन्हींत लोहखनिजाचा चुरा होता. असा चुरा प्रमाणाबाहेर ओला असला, की समुद्रातल्या हेलकाव्यांनी तो चिखलासारखा वाहू लागतो आणि जहाज कलतं. गोव्यासारख्या पावसाळी किनाऱ्यावरून खनिज पाठवणाऱ्यांनी ओलाव्याची नोंद कागदी उपचार म्हणून कधीच करू नये.

सुधारणा करणारी माणसं

भारतात क्वालिटी सर्कलची चळवळ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भेलच्या हैदराबादच्या कारखान्यातून रुजली. एकाच विभागातले सहा ते दहा जण आठवड्याला तासभर बसतात, आपल्याच कामातली एक अडचण निवडतात आणि ती सोडवतात. खाणीत हे मंडळ यंत्रनिहाय करावं: एका शॉवेलचे तिन्ही पाळ्यांचे चालक, त्याचा फिटर, इलेक्ट्रिशियन आणि एक डंपरचालक. कंत्राटी कामगारांना बाहेर ठेवू नये, कारण अनेक खाणींत माती काढण्याचं मोठं काम तेच करतात. बैठकीची भाषा मराठी, हिंदी, तेलुगू, जी सर्वांना कळेल ती असावी. आलेख संगणकात न ठेवता विश्रांतिगृहाच्या भिंतीवर, हातानं काढलेला असावा. ज्यानं बिंदू मांडला त्याला त्याचा अर्थ लवकर कळतो.

सुरक्षिततेची सुधारणेशी ओढाताण होते, असा समज खोलवर रुजलेला आहे. १९८७ मध्ये बॉक्साइटच्या खाणींपासून अॅल्युमिनियमपर्यंतचा व्यवसाय असलेल्या अल्कोआची सूत्रं पॉल ओनील यांनी हाती घेतली तेव्हा त्यांनी नफ्याऐवजी कामगारांची सुरक्षितता हे पहिलं उद्दिष्ट जाहीर केलं. प्रत्येक दुखापतीचं मूळ शोधायचं तर कामाची प्रत्येक पायरी समजून घ्यावी लागते, आणि ती समजली की कामही सुधारतं. त्यांच्या कारकिर्दीत दुखापतींचं प्रमाण घटलं आणि कंपनीचा नफाही वाढला.

याच्या उलट बाजूचं चित्र झारखंडमध्ये लालमटियाजवळच्या राजमहल खाणीत दिसलं. २९ डिसेंबर २०१६ रोजी तिथे मातीचा प्रचंड भाग कोसळून २३ कामगारांचा जीव गेला. उताराची पाहणी, तडे, पाण्याचा झिरपा, बेंचची उंची आणि रुंदी या नोंदी टनांच्या नोंदींइतक्याच नियमितपणे आलेखावर याव्यात. कोळसा खाण विनियम २०१७ नुसार प्रत्येक खाणीला सुरक्षा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. गुणवत्ता मंडळांनी सुचवलेला प्रत्येक बदल अमलात येण्यापूर्वी त्या आराखड्यातल्या जोखमींशी ताडून पाहावा.

पहिले तीन महिने

सुरुवात ऑक्टोबरात करावी. पाऊस ओसरलेला असतो, रस्ते सावरत असतात आणि मार्चची धावपळ अजून दूर असते.

पहिल्या महिन्यात फक्त मोजावं. एक शॉवेल आणि त्याचे डंपर निवडावेत. पहिल्या बकेटची वेळ, भरण्याची वेळ, रांगेतली वेळ आणि थांबण्याचं कारण, एवढ्याच चार नोंदी. या काळात कोणालाही जाब विचारू नये आणि या आकड्यांना बोनस किंवा कारवाई जोडू नये. जोडली की वहीत खरी वेळ येणं बंद होतं आणि पुढचं सगळं काम खोट्या पायावर उभं राहतं.

दुसऱ्या महिन्यात एकच कारण निवडून एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. बदल एका पाळीत करून पाहावा आणि आलेख सर्व पाळ्यांचा चालू ठेवावा, म्हणजे तुलना आपोआप होते.

तिसऱ्या महिन्यात निकाल पाहावा. सरासरी खरोखर सरकली असेल, म्हणजे लागोपाठ आठ नोंदी जुन्या सरासरीच्या चांगल्या बाजूला आल्या असतील, तर नव्या मर्यादा काढाव्यात. कामाची नवी रीत एका पानावर, चित्रांसह लिहावी आणि व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रातल्या पाठ्यक्रमात घालावी, म्हणजे बदलीनं येणारा चालकही तीच शिकेल. सरासरी सरकली नसेल तर तेही तसंच नोंदवावं आणि यादीतलं पुढचं कारण घ्यावं. दोन्ही प्रसंगी मंडळातल्या कामगारांनी स्वतः खाण व्यवस्थापकांपुढे आलेख मांडावा, आणि व्यवस्थापकांनी त्याच बैठकीत बसची वेळ, ग्रेडरच्या पाळ्या, सुट्या भागांचा साठा यांपैकी आपल्या अखत्यारीतला निर्णय तारखेसह लिहून द्यावा. ती तारीख पाळली गेली की पुढचा शॉवेल निवडावा.